पहिले पुस्तक आणि मागे पडलेला वाचक

मराठी समीक्षेने ज्याकडे आजवर फारसे वळून पाहिलेले नाही असा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि तो म्हणजे पहिलीचे पुस्तक. कादंबरी, काव्य, चरित्र, ललित निबंध यांची चर्चा आपल्या नियतकालिकांतून अखंड चालते. परंतु मराठी वाचणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती जे पुस्तक सर्वांत आधी पडते, त्याच्या भाषेचे, रचनेचे, त्यातील माणसांचे परीक्षण वाङ्मय म्हणून झाल्याचे क्वचितच आढळते. शिक्षणखात्यातील मंडळी ते अभ्यासक्रमाच्या तक्त्याशी ताडून पाहतात, चित्रकार चित्रांपुरते पाहतात, आणि साहित्यिकांना तो विषय आपल्या योग्यतेचा वाटत नाही. या पुस्तकाचे गुणदोष हा केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न नसून तो मराठी गद्याचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे. आणि ते आम्ही येथे मांडू इच्छितो.

हुशार मुलाच्या बाबतीत पहिल्या पुस्तकाचे दोष झाकले जातात. त्याच्या घरी वर्तमानपत्र येते, आजी गोष्ट सांगते, दुकानांच्या पाट्या वाचून दाखवणारे कोणी तरी सोबत असते. पुस्तक कितीही नीरस असले तरी ते मूल त्याला ओलांडून पुढे जाते. जे मूल वाचनात मागे पडते त्याची गोष्ट वेगळी आहे. ते दुसरीत जाते, तिसरीत जाते, परंतु पहिले पुस्तक त्याला सोडीत नाही. पुष्कळदा तेच त्याच्या आयुष्यातील एकमेव मराठी पुस्तक ठरते. अशा मुलांची संख्या थोडीथोडकी नाही. 'असर' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा पाठ वाचू शकणारी मुले २०२२ साली शेकडा १६.३ होती आणि २०२४ साली शेकडा २३.४ झाली. सुधारणा झाली हे खरे. परंतु तिसरीच्या वर्गातील चार मुलांपैकी तिघांना दुसरीचे पान वाचता येत नाही, हा त्याच आकड्याचा दुसरा अर्थ आहे.

बृहन्महाराष्ट्रात आणि सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. पुण्यात एखादे मूल मराठी वाचनात कच्चे राहिले तर ते कच्चे मराठी वाचक होते. बेळगावात, इंदुरात, वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत तेच मूल दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत जाते आणि मराठीचा वाचकच राहत नाही. पालकांच्या मनाशी हिशेब साधा असतो: तीन वर्षे घालवून पोराला आपलीच भाषा वाचता येत नाही, तर येथे ठेवायचे कशाला? या हिशेबाला भाषाभिमानाचे उत्तर पुरत नाही. त्याला एकच उत्तर आहे, आणि ते मुलाच्या तोंडून यावे लागते.

मराठी पाठ्यपुस्तकांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मेजर कँडी यांच्या देखरेखीखालील क्रमिक पुस्तकांपासून आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'पर्यंत आणि तेथून १९६७ साली पुण्यास स्थापन झालेल्या 'बालभारती'पर्यंत ही परंपरा येते. अत्र्यांसारख्या अव्वल लेखकाला मुलांचे वाचनपुस्तक करावेसे वाटले, ही गोष्ट आज जवळजवळ अविश्वसनीय वाटावी अशी आहे. असो.

आता पहिल्या पुस्तकाच्या गद्याकडे वळू. फार दिवसांची रूढी अशी की, आधी मुळाक्षरे शिकवावी, मग काना-मात्रा-वेलांटी नसलेले शब्द, मग त्या शब्दांची वाक्ये, आणि त्यानंतर एकेक स्वरचिन्ह. वरवर पाहता हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जाणारा, म्हणून तर्कशुद्ध दिसतो. परंतु स्वरचिन्हांवाचून मराठीत काय लिहिता येते, याचा विचार करून पाहावा. 'मी', 'तू', 'तो', 'ती' लिहिता येत नाही. 'आहे' नाही, 'होता' नाही, 'नाही' तर नाहीच. एकही भूतकाळ लिहिता येत नाही, कारण 'बसला', 'गेली', 'पडले' यांतील लिंग आणि काळ दोन्ही स्वरचिन्हांत राहतात. विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ सगळे गळतात. नात्यांपैकी 'आई' तेवढी दोन स्वरांच्या आडोशाने आत येते. बाबा, दादा, ताई, आजी दाराबाहेर राहतात. उरते काय? अकारान्त नामे आणि एकवचनी आज्ञार्थ: बस, उठ, कर, धर, पळ, बघ. 'बसा' म्हणायचे तर काना लागतो आणि 'अहो' म्हणायचे तरी चिन्ह लागतेच, म्हणून मोठ्या माणसाशी बोलण्याचीही सोय या भाषेत नाही. ज्या मराठीत मूल सहा वर्षे वाढले तिच्यातील सर्व जिव्हाळा काढून टाकून शिल्लक राहिलेली ही हुकुमांची भाषा आहे, आणि तिलाच आपण 'सोपे मराठी' असे नाव दिले आहे.

हे गद्य नुसते रूक्ष असते तर आम्ही एवढे आग्रहाने लिहिले नसते. ते कच्च्या वाचकाला अपायकारक आहे. वाचताना आपण सारेच पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो. अर्थाचा धागा हाती असला की अडलेला शब्द सुटतो. 'आजीने गरम भाकरी' एवढे वाचले की पुढे 'दिली', 'केली' किंवा 'वाढली' येणार हे मुलाला कळते आणि डोळ्यांना मनाचे साह्य मिळते. परंतु 'गगन वजन धर' यासारख्या वाक्यात पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बृहस्पतीलाही बांधता येणार नाही. (हे वाक्य आमचे आहे, परंतु त्याची भावंडे वाचकांना आठवतील.) म्हणजे ज्या मुलाला आधाराची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्याच हातून आपण आधार काढून घेतो. आणि मग ते मूल एक धडा शिकते, जो पुढे पुसून काढणे महाकठीण: वाचणे म्हणजे आवाज काढणे, त्यात समजण्यासारखे काही नसते.

याला उपाय नाही असे नाही. मुळाक्षरे आणि स्वरचिन्हे ही एकामागून एक न शिकवता एकत्र शिकवावी. क, म, र, ल, त, न एवढी सहा अक्षरे आणि काना, दीर्घ वेलांटी, एक मात्रा एवढी तीन चिन्हे घेतली तर मामा, काका, माती, तारा, कान, नाक, केळे सोडून बाकी कितीतरी शब्द हाती येतात, आणि 'मामाने माती नेली' असे खरे, घडलेल्या गोष्टीचे वाक्य पहिल्या महिन्यातच लिहिता येते. अलीकडे अनेक ठिकाणी असे अक्षरगट करून शिकवण्याचा प्रघात पडत आहे, आणि तो स्तुत्य आहे. 'क' पासून 'ज्ञ' पर्यंतचा क्रम पाणिनीच्या परंपरेतील उच्चारशास्त्राचा आहे. त्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु तो वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी रचलेला नाही. ङ आणि ञ यांच्या भेटीला पहिल्याच महिन्यात जाण्याची कोणालाच निकड नसते.

येथे अक्षरपद्धती आणि शब्दपद्धती यांच्यातील जुन्या वादाचा उल्लेख करणे भाग आहे. गेल्या शतकात हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगला, आणि आजही प्रशिक्षणवर्गांतून तो अधूनमधून डोके वर काढतो. आमच्या मते त्याचा बराचसा भाग उसना आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांची फारकत इतकी आहे की शब्दाचे चित्र डोळ्यांत साठवण्याचा मार्ग तेथे काहींना बरा वाटला. नागरीत अक्षर पाहिले की उच्चार बहुतांशी हाती लागतो. म्हणून अक्षरज्ञान टाळून नुसते शब्द ओळखायला लावणे हे कच्च्या मुलाला वाऱ्यावर सोडण्यासारखे आहे. परंतु उलट बाजूने, नागरी उच्चारानुसारी असल्यामुळे अक्षरे आली की वाचन आपोआप येईल, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. व्यंजने आणि बाराखडी मिळून चारशेच्या घरात अक्षररूपे होतात. त्यांत जोडाक्षरांची भर. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रोमन लिपीतील मुलांपेक्षा आपल्याकडील मुलांना लिपी आत्मसात करायला पुष्कळ अधिक काळ लागतो, ही प्रक्रिया प्राथमिकच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते, असे त्यातून दिसते. कन्नडास जे लागू ते अक्षरलिपी म्हणून मराठीसही बहुतांशी लागू आहे. पहिलीच्या वर्षअखेरीस 'लिपी संपली' असे जाहीर करून मोकळे होण्याची आपली रीत या वस्तुस्थितीला धरून नाही.

मागे पडलेले मूल नेमके कोठे अडते, हे त्याच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. वर्गाने एका सुरात म्हटलेल्या पाठात ते दडून राहते. त्याच्या अडण्याच्या जागा मात्र ठरलेल्या असतात, आणि त्यांतील पहिली अगदी उंबऱ्यावरच आहे. आपण मुलाला 'घ' शिकवतो तो 'घऽ' असा, 'र' शिकवतो तो 'रऽ' असा. मूल 'घऽ', 'रऽ' असे दोन्ही बरोबर म्हणते आणि गप्प बसते, कारण 'घऽरऽ' नावाची वस्तू त्याला ठाऊक नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारीत नाही. 'सरकार' या शब्दात तर मधलाही एक अ नाहीसा होतो. लिपीत हे कोठेच लिहिलेले नसते. ज्याला भाषा येते तो आपोआप करतो, एवढेच. हुशार मूल 'घऽरऽ' वरून 'घर' पर्यंत स्वतःच उडी मारते. दुसऱ्याला ती उडी दाखवावी लागते: दोन अक्षरे सावकाश म्हणायची, मग जवळ आणायची, मग आणखी जवळ, आणि शेवटी चित्राकडे बोट. चार दिवसांचे काम आहे. ते न केल्यामुळे चार वर्षे वाया गेलेली मुले असतात.

आमच्या सीमाभागात ही अडचण दुप्पट होते. येथील मूल मराठीबरोबर कन्नडही शिकते, आणि कन्नडात शब्दाच्या शेवटचा अ स्पष्ट उच्चारला जातो. 'मर' हीच दोन अक्षरे कन्नडात लिहिली तर तो शब्द 'मरऽ' असा होतो आणि त्याचा अर्थ झाड. म्हणजे एका तासाला शेवटचा अ म्हणायचा आणि दुसऱ्या तासाला गिळायचा, हे त्या बालकाने कोणीही न सांगता ओळखावे अशी आपली अपेक्षा असते. मराठीचे शिक्षक आणि कन्नडचे शिक्षक एकाच शाळेत शेजारी शेजारी बसतात. या एका बाबीविषयी त्यांनी पाच मिनिटे बोलावे, एवढीच आमची सूचना आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील मुलांची अडचण निराळी. लिपी तीच, म्हणून कोणी लक्षच देत नाही. परंतु हिंदी पुस्तकांतील ल आणि श यांचे वळण आणि मराठी पुस्तकांतील वळण एक नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयाने मराठी वळण निश्चित केल्यापासून तर हा भेद अधिकच स्पष्ट झाला आहे. शिवाय 'बाळ' या शब्दातील ळ हिंदीच्या सवयीने ल होतो.

दुसरी जागा ऱ्हस्व वेलांटीची. 'किती' यातील पहिले चिन्ह क च्या आधी लिहायचे आणि नंतर म्हणायचे. रफाराचे याच्या उलट: 'सूर्य' यात र आधी म्हणायचा आणि तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पाहायचा. डावीकडून उजवीकडे बोट फिरवत वाचणाऱ्या मुलाचे बोट येथे फसते. अनुस्वाराचे रूप एक आणि उच्चार अनेक: आंबा, कांदा, अंडे, वांगे ही चार नावे सावकाश म्हणून पाहावी, म्हणजे नाकातला आवाज चार जागी कसा बदलतो ते कळेल, 'सिंह' आणि 'संशय' यांची तऱ्हा आणखी वेगळी. च आणि ज यांना तर दोन दोन आवाज आहेत. संख्या सांगणारा 'चार' आणि गुराला गवत 'चार' म्हणून सांगणारा 'चार' डोळ्यांना एकच दिसतात. 'जग' म्हणजे विश्व की 'जग' असा आशीर्वाद, हे वाक्य कळल्याशिवाय ठरत नाही. आमची लिपी बोलते तशी लिहिली जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बरेच खरे आहे, पण जेथे खरे नाही तेथेच कच्चे मूल बसलेले असते. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'नांव', 'कांहीं' यांसारख्या शब्दांवरील उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्या वेळी विद्वानांत केवढी खळबळ उडाली होती! शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने मात्र ते एक मोठे ओझे उतरले.

आता पुस्तकी भाषा आणि घरची भाषा यांविषयी. पुस्तकात छापलेले असते 'झाड पडले'. महाराष्ट्रातील बहुतेक मुले म्हणतात 'झाड पडलं'. बेळगावकडचे मूल 'काय करालास' असे विचारते, गोव्यातील मुलाच्या तोंडी घरी 'आसा' असते, खेड्यातील मूल 'हाय' म्हणते. वाचताना एखाद्या मुलाने छापील 'आहे' पाहून 'हाय' म्हटले, तर ती चूक की बरोबर? बहुतेक वर्गांत ती चूक धरली जाते आणि मुलाला थांबवले जाते. आमचे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. त्या मुलाने अक्षरे पाहिली, शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि तो आपल्या जिभेवर आणला. म्हणजे वाचनाची सर्व क्रिया पूर्ण झाली. 'पाणी' पाहून 'पानी' म्हणणाऱ्याचेही तेच. उलट 'आहे' ला 'आ-हे' असे तोडून म्हणणारे आणि अर्थ विचारताच वर पाहणारे मूल खरे अडलेले असते, आणि ते मात्र शाबासकी घेऊन खाली बसते. प्रमाण उच्चार शिकवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. ते बोलण्याच्या तासाला शिकवावे, वाचनाच्या ऐन भरात नव्हे.

मापनाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण हल्ली मापनाचा जोर आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेने दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस निदान ६० शब्द अर्थासह वाचावे, असे लक्ष्य ठरवले. लक्ष्य असणे चांगले. वाचन अर्थासह असावे हे त्यात म्हटले आहे, तेही योग्य. परंतु 'शब्द' म्हणजे काय? 'आमच्या घरासमोरच्या विहिरीजवळ म्हैस बांधलेली असते' हे मराठी वाक्य सहा शब्दांचे आहे. हेच हिंदीत 'हमारे घर के सामने वाले कुएँ के पास भैंस बँधी रहती है' असे होते, आणि त्याचे शब्द भरतात बारा. मराठी आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन चालते, हिंदी ती सुटी ठेवते. म्हणजे एकाच वेगाने, एकाच समजुतीने वाचणारी दोन मुले घड्याळापुढे उभी केली तर मराठी मूल निम्म्याने मंद ठरेल. २०२२ सालच्या राष्ट्रीय पाहणीत प्रत्येक भाषेचे निकष वेगळे ठरवले गेले, ही समंजसपणाची गोष्ट झाली. परंतु शाळेच्या भिंतीवरील तक्त्यात आणि वर्गातल्या व्यवहारात एकच आकडा फिरत राहतो. ज्या शाळांत मराठी आणि हिंदी किंवा मराठी आणि कन्नड दोन्ही वाचन होते, तेथे तरी ही तफावत शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. घड्याळाचा आणखी एक परिणाम असा की अडखळणारे मूल अर्थ सोडून धावू लागते. आणि अडखळणे, मागे जाणे, पुन्हा वाचणे या तर वाचक होत असल्याच्या खुणा आहेत.

मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था करावी की नाही, यावरही मतभेद आहेत. २००१ च्या सुमारास वडोदरा आणि मुंबई येथील नगरपालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचा एक प्रयोग झाला. तिसरी-चौथीतील पंधरा-वीस कच्ची मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन एक स्थानिक तरुणी त्यांना त्यांच्या पातळीपासून शिकवी. अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर तपासणी केली आणि त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. कच्च्या मुलांना स्पष्ट लाभ झाला; मात्र साह्य थांबल्यावर वर्षभरात तो बराच ओसरला. पहिल्या निष्कर्षाचा गाजावाजा झाला, दुसऱ्याकडे तितके लक्ष गेले नाही. आम्हांस दुसरा अधिक बोलका वाटतो. मुलाला वाचायला येऊ लागते, ते आपल्या वर्गात परत जाते, आणि तेथे वाचण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नसते. पाठ्यपुस्तक त्याच्या डोक्यावरून जाते, पहिलीचे पुस्तक त्याला लाजिरवाणे वाटते. मग आलेली विद्या टिकावी कशी?

आणि येथे आम्ही पुन्हा वाङ्मयाच्या प्रश्नाशी येतो. दहा वर्षांचा मुलगा अक्षरांच्या दृष्टीने सहा वर्षांचा असेल. मनाने तो दहाचाच असतो. तो बापाबरोबर बाजारात जातो, उसाच्या ट्रॉलीवर बसतो, क्रिकेटच्या धावा तोंडी मोजतो, घरातील कर्जाच्या गोष्टी ऐकतो. त्याच्यापुढे चिमणीने घरटे बांधल्याची गोष्ट ठेवली की तो पुस्तक मिटतो आणि बाकाखाली पाहू लागतो. आळस म्हणून त्याला शिक्षा होते. वास्तविक तो आपला मान राखीत असतो. त्याला हवे असते ते अक्षरांनी सोपे आणि विषयाने मोठे असे पुस्तक. असे पुस्तक मराठीत फार दुर्मिळ आहे. २००४ साली स्थापन झालेल्या 'प्रथम बुक्स'ने आणि २०१५ पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर'ने मराठीत पुष्कळ लहान पुस्तके उपलब्ध केली, पातळ्या पाडल्या, किंमत कमी ठेवली. हे उपकार मोठे आहेत. तथापि अशा पुस्तकांतील बरीचशी अनुवादित असतात, आणि पातळी ठरवताना वाक्याच्या लांबीकडे जितके लक्ष जाते तितके अक्षरांच्या घडणीकडे जात नाही. 'उत्सुकता वाढली' हे दोनच शब्दांचे वाक्य आहे, परंतु 'मामा सकाळी उठला आणि गाडी काढून बाजाराला गेला' या लांब वाक्यापेक्षा ते कच्च्या वाचकाला कितीतरी अवघड आहे. इंग्रजीतील लहान वाक्य मराठीत लहान राहीलच, पण सोपे राहील याची शाश्वती नाही.

अशी पुस्तके येईपर्यंत वर्गात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि ती नवी नाही. न्यूझीलंडमधील माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने मुलांच्या स्वतःच्या शब्दांतूनच पहिली वाचनपुस्तके घडवली. तिचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी, आणि ताराबाईंच्या सोबत बोर्डी-कोसबाड येथे अनुताई वाघ यांनी, मुलाच्या परिसरातूनच शिक्षण उभे करण्याचा मार्ग त्याआधीच घातला होता. रीत अशी: मुलाला काही सांगू द्यावे, त्याने सांगितलेले एक वाक्य त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि तेच त्याचे वाचन. बोली लिहिण्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नाही. शुद्धलेखनाच्या नियमांनीही बोलण्यातील भाषा उतरवून घेताना उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा ठेवली आहे. आमच्याकडे चौथीतील एक मुलगा, ज्याला काना असलेले शब्दही जड जात, त्याने सांगितले, 'आमची म्हस याली, रेडी झाली.' यात 'म्ह' हे जोडाक्षर होते, आणि क्रमाप्रमाणे ते त्याला अजून दीड वर्षाने भेटायचे होते. दुसऱ्या दिवशी त्याने ते वाक्य वाचले, तिसऱ्या दिवशी फळ्यावरच्या निराळ्याच ओळीतील 'म्हणाला' मधला 'म्ह' बोटाने दाखवला. त्याच्यामागे बसणाऱ्या मुलीने मग आपले वाक्य सांगितले, ते तिच्या आजोळच्या जत्रेविषयी होते आणि पाच ओळींचे झाले. अशी वाक्ये वहीत जमवली की पुढच्या तुकडीला वाचायला होतात. ओळखीच्या मुलाचे नाव खाली असल्यामुळे ती वही कपाटात पडून राहत नाही.

यात वेळ जातो, हे आम्ही जाणतो. वर्गात चाळीस मुले, वर माहिती भरायची पत्रके, आणि दोन इयत्ता एका खोलीत असतील तर विचारायलाच नको. परंतु वेळ आजही जातच आहे. महाराष्ट्रातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर या दोन तालुक्यांत मराठी व कन्नड वाचनशिक्षणाचा जो दीर्घ अभ्यास झाला आणि ज्याचा अहवाल २०१७ साली आला, त्यात वर्गातील वेळ मोठ्या प्रमाणात सामूहिक घोकणे आणि फळ्यावरील मजकूर उतरवणे यांत जातो, असे दिसून आले. उतरवणारे मूल कामात आहे असे दिसते, म्हणून ते सर्वांच्या सोयीचे असते. त्या वेळातील रोजची वीस मिनिटे चार मुलांजवळ बसण्यासाठी काढता येतात. बाकीच्यांना तेवढा वेळ वह्या वाचायला द्याव्या.

अकादमीकडे आमचे मागणे दोन बाबींपुरते आहे. पहिली म्हणजे, या पृष्ठांतून वर्षातून एकदा तरी पहिली ते तिसरीच्या मराठी वाचनपुस्तकांचे परीक्षण यावे, आणि त्यात बेंगळुरूची, पुण्याची, गोव्याची पुस्तके शेजारी ठेवून पाहावी. परीक्षक कथाकार किंवा कवी असावा, त्याच्या सोबतीला पहिलीचा वर्ग घेणारी एक शिक्षिका. दुसरी, आपल्या कथास्पर्धांत एक विभाग अशा गोष्टींसाठी ठेवावा की ज्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला आवडतील आणि ज्यांत अटी पाळलेल्या असतील: शब्द तीनशेच्या आत, जोडाक्षरे दहाहून अधिक नाहीत आणि जी आहेत ती पुन्हा पुन्हा येणारी, रफार टाळलेला, माणसे एकमेकांशी बोलणारी, आणि काही तरी खरोखर घडणारे. लिहायला बसल्यावर ही अट किती कठीण आहे ते कळेल. निवडलेल्या गोष्टी ठसठशीत टंकात, एका पानावर आठ ओळींहून अधिक नाहीत अशा छापाव्या, आणि मुखपृष्ठावर इयत्ता लिहू नये.